नाताळची गोष्ट, मातीची गाडी आणि आपला हशा



मुलांच्या विनोदी गोष्टीवर व्याख्यान, आणि तीही गोष्ट नाताळची, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी यावी, नाटक यावे, फार तर एखादा विस्मरणात गेलेला कवी यावा. पण हशा हा भाषेच्या इतिहासातला मोठा साक्षीदार आहे. एखाद्या घराण्याने आपली भाषा किती सांभाळली हे पाहायचे, तर घरातली मुले त्या भाषेत सांगितलेले काम ऐकतात का, एवढ्याने भागत नाही. ती त्या भाषेत हसतात का, हे पाहावे लागते. सांगितलेले काम मोडक्यातोडक्या भाषेतही कळते. विनोद कळायला शब्दाचे वजन ठाऊक असावे लागते.

आता नाताळचीच गोष्ट का? कारण आपल्या नातवंडांना आज सर्वांत ओळखीचे असलेले गमतीदार पात्र बहुधा लाल डगल्यातला सांता हेच आहे. डिसेंबर लागला की माधवनगरात, म्हणजे आपल्या फ्रीगंजात, लाल टोप्या दुकानांतून लटकू लागतात. शाळेत कोणी तरी कापसाची दाढी लावून येते. ही सगळी मजा मुलांना इंग्रजीत किंवा हिंदीत मिळते. त्या गोष्टींतला हशा कोणत्या साधनांनी निर्माण होतो, ती साधने आपल्याकडे होती का, आणि असतील तर आज ती घरात कुठे ठेवली आहेत, एवढ्या तीन प्रश्नांचा विचार या लेखात करायचा आहे.

शब्दापासून सुरुवात करू. आपले हिंदीभाषक शेजारी पंचवीस डिसेंबरला ‘बडा दिन’ म्हणतात. आपण ‘नाताळ’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज आहे. ‘नाताल’ म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण, आणि त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ नुसता ‘जन्माचा’ असा आहे. म्हणजे आपल्या ‘जन्माष्टमी’च्या पूर्वार्धात जे आहे, तेच ‘नाताळ’मध्ये आहे. राणोजी शिंद्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे माळव्यात येऊन राहिली. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी कितीतरी घरे शिप्रेकाठीच राहिली. पुढे माधवराव महाराजांच्या नावाची ही वसाहत झाली. एवढ्या उलथापालथीत गोव्याच्या किनाऱ्यावरचा हा शब्द आपल्या बोलण्यात टिकून राहिला. तेव्हा नाताळ हा सण आपल्या घरचा नसला, तरी शब्द घरचा आहे.

गोष्टही मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. देवनागरी खिळे हाताशी नसल्यामुळे ते रोमन लिपीत छापले, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात ख्रिस्तजन्माची कथा पुराणिकाच्या थाटात सांगितली आहे. स्वर्गाला स्टीफन्सने ‘वैकुंठ’ म्हटले. हे केवळ भाषांतर नव्हते. श्रोत्यांच्या कानाला ज्या शब्दांची सवय होती, त्याच शब्दांत त्याने परकी गोष्ट बसवली. ही गोष्ट लक्षात ठेवा; शेवटी तिचा उपयोग होणार आहे.

स्टीफन्सनंतर दोन शतकांहून अधिक काळाने छापखान्यांची धामधूम सुरू झाली. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ निघाले आणि १८७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक आले. मराठीत मुलांसाठी छापील मजकूर तोवर नवा नव्हता. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्येच ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ दिल्या होत्या. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ आणि १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ निघाले. मिशनचे असो वा ओकांचे, या साऱ्यांचा आरंभीचा सूर बोधाचा होता. नावेच पाहा: बोध, नीती, मित्र. मुलाने चांगले व्हावे म्हणून गोष्ट सांगायची. मुलाने हसावे म्हणून गोष्ट सांगायची, ही कल्पना छापील मराठीत उशिरा रुजली.

यात मराठीचा काही विशेष दोष नव्हता. इंग्रजीतही नाताळची गोष्ट गंभीरच होती. ती हसायला लागली एकोणिसाव्या शतकात. १८२३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका वृत्तपत्रात निनावी कविता छापून आली. ती पुढे क्लेमंट क्लार्क मूर यांच्या नावावर मान्य झाली. त्या कवितेत संत निकोलस हा जुना बिशप ठेंगणाठुसका, गोल पोटाचा, हसरा म्हातारा होऊन आठ रेनडिअरांच्या घसरगाडीतून आला. १८४३ च्या डिसेंबरात डिकन्सचे ‘ए ख्रिसमस कॅरल’ आले. त्यात भुते आहेत, गरिबी आहे, पण निवेदक पहिल्या पानापासून थट्टेच्या सुरात बोलतो. १८६३ पासून टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने सांताचे रूप चित्रांतून पक्के करत नेले. ज्याला आपण आज सांता म्हणतो, त्याच्या घडणीत व्यंगचित्रकाराचा हात आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मात्र सांताला विनोदी करणे सोपे होते. खरा विनोद सुरू होतो तो सांताकडे आशा लावून बसलेल्या मुलाच्या बाजूने. त्याचा एक उत्तम नमुना स्टीफन लीकॉक या कॅनेडियन विनोदकाराने लिहिला. १९१० मध्ये निघालेल्या त्याच्या ‘लिटररी लॅप्सेस’ या पुस्तकात हूडू मॅकफिगिन नावाच्या मुलाच्या नाताळची छोटी गोष्ट आहे. हूडू रोज रात्री सांताची प्रार्थना करतो. मागणे थोडेथोडके नाही: स्केट्स, कुत्र्याचे पिल्लू, छऱ्याची बंदूक, सायकल, नोहाचे तारू, बर्फावरची घसरगाडी आणि ढोल. नाताळच्या पहाटे तो उठतो आणि मोजात अडकवलेली पुडकी एकेक करून चाचपतो. प्रत्येक पुडके सोडण्याआधी आत काय असेल याचा मोठ्या उमेदीने अंदाज बांधतो. आणि पुडक्यांतून निघते काय? बूट, कॉलरी, विजार, दातांचा ब्रश, आणि शेवटी बायबल.

ही गोष्ट चार पानांतच संपते, पण तिच्यात विनोदाची बहुतेक सगळी साधने आहेत. पहिले साधन यादी. मागण्यांची यादी चढत जाते आणि मिळकतीची यादी उतरत जाते. दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की लेखकाला टीका करण्याची गरज राहत नाही. दुसरे साधन पुनरावृत्ती. पुडके चाचपणे, अंदाज, सोडणे, पडणे ही एकच कृती पुन्हा पुन्हा होते. दुसऱ्या खेपेला वाचणाऱ्या मुलाला क्रम कळतो, तिसऱ्या खेपेला ते हूडूच्या आधीच हसायला लागते. तिसरे साधन अपेक्षाभंग, आणि तोही नेमका: निघालेली वस्तू वाईट नसते, उपयोगी असते. मुलाच्या दृष्टीने उपयोगी वस्तूइतकी निराशा दुसऱ्या कशात नाही.

चौथे साधन सर्वांत सूक्ष्म आहे. ही गोष्ट सांगणारा निवेदक मोठ्या माणसांच्या भाषेत प्रत्येक वस्तूचे कौतुक करतो. दातांचा ब्रश किती सुंदर, बूट किती छान. निवेदक मुलाच्या आनंदाचे वर्णन करतो आणि वाचकाला मुलाचे पडलेले तोंड दिसते. शब्द एक सांगतात, अर्थ दुसराच निघतो. याला आपण उपरोध म्हणतो. पण हा उपरोध मुलावर नाही, ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणणाऱ्या मोठ्यांवर आहे. म्हणून मूल मोकळेपणाने हसते, आणि शेजारी बसून वाचून दाखवणारा बाप थोडा खजील होऊन हसतो. मुलांच्या विनोदी गोष्टीचे यश इथे मोजावे: एकाच वाक्यावर दोघांनी हसावे, पण दोन निरनिराळ्या कारणांनी.

आता हाच सांगाडा घेऊन आपल्या गावात येऊ. मुलाने एक मागावे आणि मोठ्यांनी भलतेच हातात ठेवावे, ही गोष्ट उज्जयिनीने फार पूर्वी सांगितली आहे. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ इथेच घडते. नाटकाचे नावच एका खेळण्यावरून आले आहे. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन रडत येतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला, मग ती गाडी परत गेली. घरात दारिद्र्य, म्हणून दासी रदनिकेने त्याला मातीची गाडी करून दिली. त्याला ती नको आहे. त्याला सोन्याचीच हवी. वसंतसेना समोर येते. ही तुझी आई, असे रदनिका सांगते. त्यावर मुलगा म्हणतो की आई असती तर हिच्या अंगावर दागिने कसे असते? वसंतसेनेच्या डोळ्यांत पाणी येते. ती दागिने उतरवून मातीच्या गाडीत भरते आणि यातून सोन्याची गाडी घे म्हणते.

हा प्रसंग करुण आहे, पण त्याची रचना लीकॉकच्या गोष्टीसारखीच आहे. मागणे सोन्याचे, मिळकत मातीची. आणि मुलाच्या तोंडी असे एक वाक्य, की ज्याला तर्काने उत्तर नाही. मुलाचा तर्क सरळ असतो म्हणून मोठ्यांचे वाकडेपण उघडे पडते. जगातल्या विनोदी बालकथेचे हे मुख्य भांडवल आहे, आणि ते भांडवल आपल्याच गावच्या नाटकात आहे. शिवाय त्या गाडीतले दागिने पुढे न्यायालयात मैत्रेयाच्या काखेतून पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. आधी सहज दाखवलेली वस्तू ऐन वेळी परत येणे ही युक्ती गंभीर नाटकाला जितकी उपयोगी, तितकीच विनोदी गोष्टीलाही. त्याच नाटकातला शकार रामायण-महाभारताची अशी गल्लत करतो की द्रौपदीची सांगड थेट रामाशी घालतो. शकाराचे हसू कुणाला येते? ज्याला रामायण आणि महाभारत वेगवेगळे ठाऊक आहे त्याला. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हा मातीची गाडी मराठीत आलीच आहे.

उज्जैनची दुसरी भेटवस्तू म्हणजे सुदाम्याचे पोहे. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण आणि सुदामा शिकले, ही कथा आपण अंकपाताकडे जाताना मुलांना सांगतोच. फाटक्या फडक्यात बांधलेले मूठभर पोहे लाजून लपवणारा सुदामा आणि ते हिसकावून खाणारा द्वारकाधीश, यात विनोद आहे आणि प्रेमही आहे. इथे लीकॉकचा क्रम उलटा झाला आहे. हूडूची आशा मोठी आणि मिळकत लहान. सुदाम्याची भेट लहान आणि फळ एवढे मोठे की स्वतःचे घर ओळखू येत नाही. आशा आणि मिळकत यांच्यातले अंतर दोन्ही गोष्टींचे इंजिन आहे. ते अंतर खाली गेले की हसू येते, वर गेले की डोळे भरतात. आणि फार थोड्या जागी दोन्ही एकदम होते.

याच सुदाम्याच्या नावाने मराठी विनोदाचा नवा काळ सुरू झाला, हा योगायोग सुखद आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ मोठ्यांसाठी होते, मुलांसाठी नव्हते. पण सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाने मराठी वाचकाला एक सवय लावली: सांगणारा जे सांगतो त्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही. भोळा निवेदक म्हणतात तो हाच. चिं. वि. जोशींनी तो घराघरांत नेला. बडोद्याला पालीचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाने चिमणराव नावाचा कारकून उभा केला. चिमणराव आपली फजिती आपल्याच तोंडाने, अगदी गंभीरपणे सांगतो. आपण हास्यास्पद दिसतो आहोत हे त्याला कळत नाही, आपल्याला कळते. आणि गुंड्याभाऊला तर काहीच कळत नाही. ही पायरीपायरीची समज मुलांनाही फार आवडते. दूरदर्शनवर चिमणराव झालेल्या दिलीप प्रभावळकरांनी पुढे मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’ लिहिला, यात मला एक सलग धागा दिसतो.

भोळ्या निवेदकाचा सर्वांत सुंदर मराठी अवतार मात्र एका ख्रिस्ती घरातून आला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. त्यात वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकीकत लहान मुलीच्या डोळ्यांनी सांगितली आहे. लिहिणारी साठीतली, पाहणारी लहानशी. मधले अंतर कुठेही बोलून दाखवलेले नाही आणि हसू सगळे त्या अंतरात आहे. पती नारायण वामन टिळकांमागोमाग ख्रिस्ती झालेल्या या बाईने ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे महाकाव्यही पूर्ण केले. स्टीफन्सची ओवी आणि लक्ष्मीबाईंची थट्टा एकाच भाषेत नांदतात. नाताळ आणि मराठी यांचे नाते दाखवायला याहून चांगला पुरावा कशाला हवा? आणि अलीकडचा दाखला हवा असेल, तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा घ्या. ‘सुबोध बायबल’ लिहिणारा हा धर्मगुरू २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता.

मुलांच्या विनोदाचे मराठीतले मोठे दालन आपल्या शेजारच्या शहरात जन्मलेल्या माणसाने उघडले. भा. रा. भागवत १९१० मध्ये इंदूरला जन्मले. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढले, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे जन्माला घातला. फाफेचा ‘ट्टॉक्’ आठवतो ना? जिभेने काढलेला एवढासा आवाज, पण तो आला की मुलाच्या मनात घंटा वाजते: आता काही तरी होणार. लीकॉकने पुडके पुन्हा पुन्हा उघडून जे साधले, ते भागवतांनी एका नादाने साधले. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’पासून विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’पर्यंत, हे हसणे नावातून, नादातून आणि उलट्या तर्कातून आले आहे. तेव्हा साधने आपल्याकडे नव्हती असे कोणी म्हणू नये. लीकॉकचे पुस्तक निघाले त्याच सुमारास कोल्हटकर आपले कडबोळे तळत होते.

मग अडते कुठे? इथे मला आपल्या घरांविषयी बोलायचे आहे. आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी ‘मजा आला’ असे येते. हिंदीत मजा पुल्लिंगी आहे, मराठीत ती ‘येते’ आणि ‘आली’ असते. व्याकरणाची ही चूक किरकोळ आहे आणि त्यासाठी मुलाला दटावण्याचे कारण नाही. दोन भाषांत वाढणारे मूल असेच बोलणार. गजानन माधव मुक्तिबोधांचे घर मराठी, शिक्षण याच उज्जैनात, आणि कविता हिंदीत. त्यात हिंदीचाही लाभ झाला आणि आपलाही अभिमान वाढला. हिंदी व्यंग्यकार शरद जोशी याच गावात जन्मले. एक एप्रिलला इथे टेपा संमेलन भरते, आणि माळवीतला ‘टेपा’ म्हणजे आपला भोळा निवेदकच. माळव्याच्या हवेत हशाची कमतरता नाही. प्रश्न एवढाच आहे की मराठीतली जी विनोदाची साधने हिंदीत किंवा इंग्रजीत नेताच येत नाहीत, ती आपण वापरायची सोडली तर पुढच्या पिढीला ती मिळणार कुठून?

अशी तीन साधने सांगतो. पहिले नपुंसकलिंग. हिंदीत मूल एक तर ‘लडका’ असते किंवा ‘लडकी’. मराठीत ते ‘पोरगं’ असते, ‘कार्टं’ असते, ‘ध्यान’ असते. ‘आलं का ते ध्यान?’ या चार शब्दांत राग, लाड आणि थट्टा एकत्र आहेत. दुसरे साधन मानार्थी बोलणे. रोज ‘अरे’ म्हणणारी आजी एखाद्या दिवशी दारात चिखलाने माखून उभ्या राहिलेल्या नातवाला ‘या रावसाहेब, यावं, स्वारी कुठे गेली होती?’ म्हणते, तेव्हा मुलाला दोन्ही कळते: आजी चिडली आहे आणि आजी फार चिडलेली नाही. इंग्रजीच्या एकुलत्या एका ‘यू’मध्ये हे बसत नाही. तिसरे साधन जोडशब्द. ‘खेळणंबिळणं’, ‘बूटबीट’, ‘सांताबिंता’. हिंदीत ‘वा’ लागतो, मराठीत ‘बि’ लागतो. ‘सांता-वांता’ म्हणणारा शेजारी आणि ‘सांताबिंता काही नसतं रे’ म्हणणारा आजोबा दोघेही एकच अविश्वास दाखवतात, पण घर वेगळे कळते.

आता हूडूची गोष्ट या साधनांनी सांगून पाहा. भाषांतर करू नका. मोजा आणि धुराडे यांचे स्पष्टीकरण देत बसलात तर हसू तिथेच विझेल. स्टीफन्सने स्वर्गाचे वैकुंठ केले, तसे करा. नाव ‘भाग्येश’ ठेवा. नावातच अर्धी गंमत होते. भाग्येशची यादी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर आहे: गिअरची सायकल, क्रिकेटची बॅट, रिमोटची गाडी, कुत्र्याचं पिल्लू, आणि ‘जमल्यास एक खरा घोडा’. पंचवीस तारखेला पहाटे उशाशी पुडकी. पहिले मऊ लागते. ‘पिल्लू!’ निघतो कानटोपीसकट स्वेटर. आजी म्हणते, ‘बघ हो किती उबदार, दोन वर्षं पुरेल असा मोठाच घेतलाय.’ दुसरे लांबट आणि कडक. ‘बॅट!’ निघते छत्री. ‘पावसाळ्यात स्वस्त नसते मिळत, आत्ताच घेऊन ठेवली.’ तिसरे चौकोनी आणि जड. भाग्येश आता अंदाज करत नाही, तो नुसता बघतो. निघते व्याकरणाचे पुस्तक. बाबा म्हणतात, ‘हे तर तुला फारच आवडेल.’ तेव्हा ते कार्टं अतिशय नम्रपणे विचारतं, ‘बाबा, सांताचं लग्न झालंय का? कारण हे सगळं आईनं आणल्यासारखं वाटतंय.’

वाचकहो, हे मोठे साहित्य नाही. पण यात यादी आहे, तिहेरी पुनरावृत्ती आहे, मोठ्यांच्या कौतुकातला उपरोध आहे, आणि रोहसेनाचा सरळ तर्क आहे. ‘दोन वर्षं पुरेल असा मोठाच’ हे वाक्य ज्या घरात प्रत्यक्ष बोलले जाते, त्याच घरात ते हशाचे होते. गोष्टीतला विनोद पुस्तकातून येत असला तरी त्याचा पाया घरातल्या बोलण्यात असतो. शकारावर हसायला जशी रामायणाची ओळख लागते, तशी भाग्येशवर हसायला आजीच्या बोलण्याची ओळख लागते. ती ओळख शाळा देऊ शकत नाही. माळव्यातली शाळा मराठीची नाही, आणि ती तशी असावी अशी अपेक्षाही आज व्यवहारात टिकणारी नाही.

म्हणून यातून निघणारे काम लहान आणि घरगुती आहे. मुलांची मराठी सुधारण्यासाठी त्यांना शुद्धलेखन घालण्याआधी त्यांच्यासोबत एक गोष्ट मोठ्याने वाचा. फास्टर फेणे वाचा, चिमणराव वाचा. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक संगणकावरही पाहायला मिळतात. वाचताना मूल अडले तर शब्दाचा हिंदी अर्थ सांगून पुढे जा, विनोदाचा अर्थ मात्र सांगू नका. समजावून सांगितलेला विनोद शिळ्या भाकरीसारखा असतो. पोट भरते, चव जाते. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी तोच शब्द जेवताना सहज वापरा. पानातली भाजी पाहून तोंड वाकडे झाले की ‘या रावसाहेब’ म्हणा. मूल हसले तर समजावे की शब्द पोचला.

नाताळच्या सुट्टीत आपल्या घरांत पाहुणे असतात. पुण्याची, इंदूरची, ग्वाल्हेरची, हल्ली अमेरिकेतलीही नातवंडे एकत्र येतात. त्यांच्या मराठीत कमीजास्तपणा असतो, आणि एकमेकांशी ती बहुधा इंग्रजीतच बोलतात. त्या आठवड्यात त्यांना रोहसेनाची गाडी सांगा, सुदाम्याचे पोहे सांगा, आणि तिसरी गोष्ट सांताची सांगा, पण आपल्या शब्दांत. शिप्रेकाठच्या मुलाला मातीची गाडी नको होती, कॅनडातल्या मुलाला बूट नको होते, आणि आपल्या घरातल्या मुलाला स्वेटर नको आहे. तिघांचे दुःख एक आहे हे कळायला मुलांना व्याख्यान लागत नाही. ती हसून मोकळी होतात. ते हसू मराठीत आले, तर पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून निघालेली भाषा या गावात अजून नांदते आहे, असे आपण खुशाल समजावे.